तिकडे शेती असते का हो?

दर मे महिन्यात घरी गेले की हा प्रश्न येतोच. लग्नाच्या मांडवात येतो, एस्टीत येतो, तिठ्यावरच्या किराणा दुकानात येतो. मामा तर पाय धुवायची फुरसत देत नाही. "गो, थंय शेती करतत काय? की नुसते दगड?" इकडे माल्टात, म्हणजे भूमध्य समुद्रातल्या या बेटांच्या देशात, नव्याने उतरलेली आपली मराठी मुलंही पहिल्या आठवड्यात हेच विचारतात. विमान ऑगस्टमध्ये खाली आलं तर खिडकीतून दिसतं काय, तर पिवळी घरं, पिवळा दगड, भाजून निघालेलं रान, आणि सगळीकडे दगडी कुंपणांची जाळी. "ताई, इथे भाजी येते कुठून?"

तर विचारलंत म्हणून सांगते. शेती आहे. ३१६ चौरस किलोमीटरचा देश, म्हणजे बृहन्मुंबईच्या साधारण निम्मा. २०२१ च्या जनगणनेत माणसं ५ लाख १९ हजार. नदी एकही नाही. डोंगर म्हणावा असा डोंगर नाही, सगळ्यात उंच जागा २५३ मीटर. पाऊस वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास. आमच्या सिंधुदुर्गात तीन हजारांच्या वर पडतो, तरी मार्च उजाडला की आमच्या विहिरी तळ दाखवतात. तेव्हा मामाचा प्रश्न अगदीच वेडगळ नाही.

मला स्वतःला माल्टा हे नाव पहिल्यांदा भेटलं ते नर्सिंगच्या पुस्तकात. ब्रुसेलोसिस, दुसरं नाव माल्टा ताप. १८८७ साली डेव्हिड ब्रूस नावाच्या लष्करी डॉक्टरने त्याचा जंतू माल्टात शोधला, पण तो येतो कुठून हे कळायला १९०५ उजाडलं. थेमिस्टोक्लिस झामिट या इथल्याच डॉक्टरने दाखवून दिलं की तो शेळ्यांत असतो आणि दुधातून येतो. तेव्हा शेळ्यांचे कळप घरोघर फिरत आणि गिऱ्हाइकाच्या दारात, पायरीवर, त्याच्या भांड्यात धार काढून देत. इतकं ताजं दूध, त्यात खोट कशी असेल? लोकांना पटेना. पाश्चराइज्ड दूध सुरू व्हायला १९३८ साल आलं. परीक्षेला हे सगळं पाठ केलं तेव्हा वाटलं नव्हतं, की त्या शेळ्या वळलेल्या माणसांचं बीपी मी रोज सकाळी मोजणार आहे.

मी वृद्धाश्रमात काम करते. आजोबाला इथे 'नन्नू' म्हणतात. आमच्याकडे नाना, इथे नन्नू, त्यामुळे हा शब्द पहिल्या दिवसापासून तोंडात बसला. माझ्या मजल्यावरचे एक नन्नू इम्जार गावचे. इम्जार म्हणजे शेतकऱ्यांचं गाव. तिथलं चर्च १९१२ पासून बांधत गेले, त्यासाठी गावाने कोंबड्यांची अंडी विकून पैसे उभे केले. घुमटही अंडाकृती. नन्नूंच्या आईनेही अंडी दिली होती, हे ते मला आठवड्यातून एकदा तरी सांगतात. त्यांचं इंग्रजी तुटकं, माझं माल्टी त्याहून तुटकं, पण शेतीचं बोलायला लागले की आमचं अडत नाही.

अडत नाही याचं एक कारण मला उशिरा कळलं. एकदा त्यांनी सांगितलं, आमच्याकडे जमिनीचे दोन प्रकार, 'सक्वी' आणि 'बाली'. (सक्वीतला क म्हणायचा नाही, गिळायचा. इथे अर्ध्या शब्दांत असं काहीतरी गिळायचं असतं.) सक्वी म्हणजे पाण्याखालची, बाली म्हणजे पावसावरची. मी म्हटलं, नन्नू, आमच्याकडेही हेच, बागायत आणि जिरायत. मग माल्टीत 'पेरणं' याला काय म्हणतात ते विचारलं, तर 'झेरा'. आता माल्टी ही अरबीच्या पोटातून आलेली भाषा, आणि आपलं जिरायत अरबी 'जिराअत'वरून आलेलं. एकच धातू. खंडाने घेतलेल्या शेताच्या भाड्याला ते 'अबीला' म्हणतात, तिथेही सुरुवातीचा क गिळलेला. तो क जागेवर ठेवून पाहिलं तर आपल्या कबुलायतीतलं 'कबूल' हाती लागतं. शेतकऱ्याला शब्द 'बिदवी', म्हणजे मुळात बेदुइन, वाळवंटात भटकणारा! रहाटाला 'सिएन्या'. एका बाजूला गरगर फिरणारं जनावर, दुसऱ्या बाजूला वर येणारी गाडगी. मी मोबाइलवर कोकणातल्या रहाटाचा फोटो काढून दाखवला तर नन्नूंनी चष्मा मागितला, आणि त्यांचा पहिला प्रश्न होता, "हे जनावर कुठलं?" रेडा. ते बराच वेळ बघत होते.

मातीला 'हामरिया'. लाल ती हामरिया. चुनखडीचा दगड हजारो वर्षं झिजून झालेली ही माती, बऱ्याच ठिकाणी वीत-दीड वीत खोल, खाली लगेच कातळ. आमच्या सड्यावरची माणसं हे ऐकून मान डोलावतील. जुन्या काळी इथे लोक कातळ फोडून शेत 'करत'. फोडलेले तुकडे खाली, त्यावर बारीक खडी, त्यावर कुठून कुठून टोपल्यांनी आणलेली माती. इथे पूर्वी राज्य करणाऱ्या सेंट जॉनच्या सरदारांच्या काळात सिसिलीहून येणाऱ्या जहाजांना माती आणायची सक्ती होती, अशीही एक कथा सांगतात. मला ती कथाच वाटते. पण ज्या लोकांनी ती रचली त्यांना माती किती मोलाची होती ते कळतं.

आणि आता कथा नव्हे ते. १९७३ सालापासून इथे सुपीक मातीच्या रक्षणाचा कायदा आहे. घर बांधायचं तर जागेवरची माती पुरून टाकता येत नाही, काँक्रीटखाली घालता येत नाही, मुरूम-डबरात मिसळून तिचं वाटोळं करता येत नाही. ती उचलायची, आणि सांगतील त्या शेतात नेऊन घालायची. मी हे गावात सांगितलं तेव्हा दोघा-तिघांना थट्टा वाटली. आमच्याकडे चिरेखाणीला सड्यावरची माती जेसीबीने ढकलून देतात आणि पहिल्या पावसात ती खाडीत जाते, ते बघत आम्ही चहा पितो.

खरं सांगायचं तर या देशाचं मुख्य पीक बटाटा नाही की टोमॅटो नाही, गडगा आहे. चुन्याशिवाय, सिमेंटशिवाय, नुसते दगडावर दगड रचून घातलेला गडगा, अगदी आपल्याकडे जांभ्याचा घालतात तसा. दोन्ही अंगांना मोठे दगड, मधल्या पोटात बारीक दगडांची भर. उतारावर पायऱ्या पाडल्यात आणि प्रत्येक पायरीला गडगा. हिवाळ्यात, म्हणजे ऑक्टोबर ते मार्चमध्ये, पाऊस येतो तो कधीकधी तासाभरात महिन्याचा येतो. तेव्हा पाणी दगडांच्या फटींतून निघून जातं आणि माती मागे राहते. सगळं तंत्र इतकंच. फटींत गोगलगायी राहतात, सरडे राहतात, कॅपरची झुडपं उगवतात. त्याच्या कळ्या खुडून मिठात किंवा व्हिनेगरमध्ये घालायच्या. नन्नूंच्या मते गडग्याचा दगड एकदा हातात घेतला की परत खाली ठेवायचा नाही, त्याची जागा शोधूनच ठेवायचा. ज्याला तीनदा फिरवावा लागतो तो गडगेकरी नव्हे.

जोरदार पावसानंतर गडगा कुठेतरी ढासळतोच. ढासळला की लगेच घालायला हवा, नाहीतर पुढच्या सरीला माती रस्त्यावर येते. हल्ली पुष्कळजण आतून सिमेंट भरतात, वरून दगड लावतात. दिसायला सुरेख. मग पाण्याला वाट मिळत नाही, ते मागे तुंबतं, आणि एक दिवस वीस फूट गडगा एकदम आडवा. १९९७ पासून गडग्यांनाही कायद्याचं संरक्षण आहे, पाडायचे तर परवानगी लागते. पण कायद्याला दगड रचता येत नाहीत. नन्नूंचा मुलगा बँकेत आहे. नातू कॉम्प्युटरवर गेम बनवतो. शेत आहे, त्यात दगडी छपराची गोल 'गिर्ना' आहे (आमचा मांगर समजा, फक्त लाकडाचा तुकडा न वापरता बांधलेला), आणि गेल्या हिवाळ्यात ढासळलेला गडगा अजून तसाच आहे.

पाण्याचं थोडक्यात सांगते, कारण ते ऐकून कोणालाच बरं वाटत नाही. बेटाच्या पोटात गोडं पाणी आहे ते खाऱ्या पाण्यावर तरंगतंय, दह्यावर साय धरावी तसं. वरून जास्त उपसा झाला की खालचं खारं वर येतं. बोअर मारून मारून तेच झालंय. नळाला येतं त्यातलं निम्म्याहून जास्त पाणी समुद्राचं, कारखान्यात गोडं केलेलं. ते शेताला परवडत नाही. त्यामुळे आता सांडपाणी शुद्ध करून शेतकऱ्यांना देतात. नन्नूंना ही कल्पना पसंत नाही. त्यांच्या मुलाला पसंत आहे, पण तो शेती करत नाही.

पिकतं काय, ते राहिलंच. बटाटा मुख्य. हिवाळ्याच्या पावसावर वाढतो, वसंतात निघतो. युरोपात अजून जमीन गारठलेली असते, म्हणून हा लवकरचा बटाटा पिढ्यान्‌पिढ्या हॉलंडला जात आलाय, आता पूर्वीपेक्षा कमी. टोमॅटो, कांदा, फ्लॉवर, कलिंगड, स्ट्रॉबेरी. एप्रिलमध्ये इम्जारला स्ट्रॉबेरीची जत्रा असते. द्राक्षं आहेत, 'जेल्लेव्झा' ही त्यांची स्वतःची जात. गोझो बेटावर मेंढीच्या दुधाचं वाटीएवढं चीज करतात. फड्या निवडुंग शेताच्या कडेला वाऱ्याला आडोसा म्हणून लावलेला, त्याची बोंडं ऑगस्ट-सप्टेंबरात सोलून थंड करून खातात, आणि पहिल्या वर्षी मी ती हातमोज्यांशिवाय तोडली, पुढचं सांगत नाही. एकेकाळी कापूस होता, अठराव्या शतकात सूत स्पेनला जायचं. जिरंही होतं. माल्टा आणि गोझोच्या मधल्या चिमुकल्या बेटाचं नाव केम्मूना, ते जिऱ्यावरूनच पडलं म्हणतात. आज तिथे जिरं नाही, पर्यटक पिकतात.

हा सगळा माल जातो ता-आलीच्या घाऊक बाजारात. महायुद्धात तिथे विमानांची धावपट्टी होती, आता क्रेट. मधे 'पितकाल' असतो. अडत्याच तो. शेतकरी माल आणून टाकणार, पितकाल विकणार, आपला वाटा कापून पैसे देणार. १ मे २००४ ला देश युरोपीय संघात गेला आणि बाहेरच्या भाजीवरचे कर उठले. सिसिली नव्वदेक किलोमीटरवर. तिथून ट्रकच्या ट्रक बोटीत चढून येतात. दोन हेक्टरांच्या आतला शेतकरी, तोही तीन तुकड्यांत वाटला गेलेला, त्याने सिसिलीशी झुंजायचं कसं? इथे बहुतेक सगळे दोन हेक्टरांच्या आतलेच.

पण नन्नू रागावतात ते सिसिलीवर नाही. त्यांनी जन्मभर जे शेत कसलं ते अबील्याचं, वडिलांपासून चालत आलेलं. १९६७ चा कायदा होता की कसणाऱ्याला सहज काढता येणार नाही, भाडंही नाममात्र. मी म्हटलं, हा तर आमचा कूळ कायदा! पण नाही. आमच्याकडे १९५७ च्या कृषकदिनाला कूळ कागदोपत्री मालक झालं. यांच्याकडे कूळ कूळच राहिलं. २०२० साली न्यायालयाने ठरवलं की या कायद्याने मालकांच्या हक्कावर गदा येते. मालकांचंही अगदीच खोटं नव्हतं, वर्षाच्या भाड्यात एक चांगलं जेवण होत नव्हतं. पण दरम्यान जमिनीचे भाव असे चढलेत की शहरातले लोक शेताचा तुकडा घेतात तो रविवारी खुर्च्या मांडून मांस भाजायला. त्या भावाला बटाटा पुरा पडेल कसा? नन्नूंना नोटीस आलेली नाही. येईल, असं ते सकाळच्या गोळ्यांबरोबर रोज म्हणतात.

यंदा मेमध्ये हे सगळं मामाला सांगितलं. ओटीवर बसून, तासभर. मातीचा कायदा, गडगे, खारं पाणी, अडत्या, कूळ. मधे त्याने एकदाच विचारलं, गडगा घालणाऱ्याची मजुरी किती? मी सांगितली. युरोचे रुपये करून झाल्यावर तो थोडा वेळ गप्प बसला. मग परसातल्या फणसाकडे नजर गेली. त्याचे फणस यंदा एकही पिकू दिलेले नाहीत, सगळे अर्धे खाऊन टाकलेले.

"थंय वांदर आसत काय?"

नाहीत, मी म्हटलं. रानटी ससे असतात, पण त्यांना माणसंच खातात.

"एकय नाय?"

"एकय नाय."

मामाने पानाची चंची उघडली. "मगे बरा आसा," म्हणाला.