तुम्ही विचारलंत म्हणून: दिवाळीत पुण्याचं तिकीट स्वस्तात कसं काढते

सोसायटीत, नात्यात, सकाळी फिरायला गेलं तरी हा प्रश्न ठरलेलाच, "काकू, ऐन दिवाळीत तुम्हाला पुण्याचं विमान एवढं स्वस्त कसं काय भेटते?" दरवेळी घाईघाईत अर्धवट सांगून होतं, म्हणून आज बसून लिहिते.

आपण सगळे गर्दीच्या दिशेनं जातो, मुख्य घोळ तिथंच आहे. नागपूरची कितीतरी पोरं पुण्यात नोकरीला, दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात सगळ्यांनाच इकडे यायचं असते, मग पुणे-नागपूर तिकीट दहा-बारा हजारांवर, रेल्वेला वेटिंग आणि ट्रॅव्हल्सवाले मागतील तो भाव. पण तेच विमान सोनेगावहून, म्हणजे आपल्या नागपूरच्या विमानतळावरून, परत पुण्याला जाते नं, तेव्हा त्यात जागा असतात! भाऊबीज झाली की सगळं उलटं, पोरं परत निघतात आणि पुण्याहून इकडे यायचं तिकीट उतरते. म्हणून तीन वर्षांपासून आम्ही मुलाला बोलावतच नाही, आम्ही दोघंच फराळ घेऊन त्याच्याकडे जातो. मागच्या वर्षी दोघांचं जाणं-येणं साडेचौदा हजारांत झालं, तो एकटा आला-गेला असता तरी याहून जास्त लागले असते. घराला कुलूप लावून दिवाळी करायची म्हणजे पहिल्या वर्षी मला फार जड गेलं, खरं सांगते, पण लक्ष्मीपूजनाला पोरगा समोर बसलेला असतो, मला तेवढं पुरते.

दुसरी गोष्ट. एका विमानातल्या सगळ्या सीटांचा भाव सारखा नसतो. कंपनी थोड्या थोड्या सीटांचे गट पाडते, स्वस्त गट संपला की पुढचा महाग गट उघडते. आता तुम्ही चौघांचं एकदम शोधलं आणि स्वस्त गटात दोनच सीटा उरल्या असल्या, तर बहुतेक वेळा चौघांनाही महागाचाच भाव दिसतो. म्हणून आधी एकाचं बघायचं, मग चौघांचं. मे महिन्यात नणंदेकडच्या चौघांचं बंगलोरचं काढत होते, एकाचं 4,300 दिसत होतं आणि चौघांचं टाकलं की प्रत्येकी 5,100. दोन-दोन करून काढलं, पहिल्या दोघांना जुना भाव लागला, 1,600 रुपये वाचले. फक्त लहान लेकरू असलं तर त्याचं तिकीट आईबापाच्या तिकिटातच राहू द्या.

मंगळवारी रात्री तिकीट काढलं की स्वस्त पडते वगैरे मला कधी जाणवलं नाही. जायचा वार मात्र मंगळवार-बुधवार ठेवला तर फरक पडतो, शुक्रवार संध्याकाळ आणि रविवार महागच.

सामानाचं नीट ऐका. इंडिगोसारख्या विमानात देशातल्या प्रवासाला साधारण 15 किलो आत टाकायला, म्हणजे काउंटरवर द्यायच्या बॅगेत, आणि 7 किलो सोबत. पहिल्या वर्षी आमची बॅग 18 किलो भरली, स्टीलच्या डब्यांनीच घात केला. काउंटरवरच्या मुलीनं प्रत्येक जादा किलोचे पैसे सांगितले, तिकिटात जेवढं वाचवलं त्यातलं बरंच तिथंच गेलं असतं. मग तिथंच खाली बसून बॅग उघडली, चकल्यांचा डबा आणि संत्रा बर्फीची दोन पाकिटं काढून यांच्या हातातल्या पिशवीत भरली, मागे रांग उभी, आणि यांचा चेहरा उतरलेला. दुसऱ्याच दिवशी हुकाचा वजनकाटा मागवला. आता फराळ प्लास्टिकच्या पिशव्यांत जातो, डबे पुण्यात मुलाकडेच ठेवलेत, आणि लोणचं नेहमी आत टाकायच्या बॅगेत, सोबत नेलं तर सिक्युरिटीला काढून ठेवतात.

सीट निवडायचे पैसे आम्ही देत नाही, वेब चेक-इन उघडल्याबरोबर करते, दीड तासाच्या आत उतरायचं असते, शेजारी नाही बसलं तरी चालते.

आणि तिकीट रद्द करावं लागलं तर "नॉन-रिफंडेबल" वाचून सोडून देऊ नका. सरकारी कर आणि विमानतळाची फी ऑफरच्या तिकिटावरही परत मिळते, डीजीसीएचा, म्हणजे विमान कंपन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी खात्याचा, नियमच आहे तसा. माझे एकदा हजाराच्या जवळपास परत आले होते, दोनदा मेल करावा लागला एवढंच.

यंदाचं बघायचं असेल तर दीड-दोन महिने आधीच या माझ्याकडे, आधार कार्ड घेऊन या, नाव त्यावर आहे अगदी तसंच टाकावं लागते.