झुआरीच्या अलीकडचं युग

फेब्रुवारी २०२५ मध्ये 'सिव्हिलायझेशन ७' हा व्हिडिओ गेम आला आणि जुने खेळाडू खवळले. १९९१ च्या पहिल्या गेमपासून रिवाजच होता: एक संस्कृती निवडायची आणि इसवी सनपूर्व ४००० पासून थेट अवकाशयानापर्यंत तिचाच संसार करायचा. पाचव्या भागात नकाशावरची चौकोनी घरं जाऊन षटकोनी आली, सहाव्यात शहरं अनेक घरांवर ऐसपैस पसरली, पण या रिवाजाला कुणी हात लावला नव्हता. आता तीन युगं आहेत आणि, निदान गेम आला तेव्हा तरी, युग पालटलं की संस्कृतीही पालटावी लागायची. मौर्य, मग चोळ, मग मुघल. नेता मात्र तोच. म्हणजे मुघलांचा कारभार खुशाल सम्राट अशोक बघतो!

"मामा, मधेच आपण कोण तेच बदलतं. हा काय खेळ झाला?" भाचा करवादला. मला त्यात काही वावगं दिसेना. आमच्या गोव्यातल्या फोंड्यावर आदिलशाही होती, मग शिवाजी महाराज आले, पुढे सौंदेकर राजे, मग पोर्तुगीज. घरात नारळ मात्र त्याच कोयत्याने सोलले जात असणार.

माझी तक्रार वेगळी आहे. नव्या गेममध्ये युग सगळ्यांचं एकदम बदलतं. चालू लढाया थांबतात, राजधानी सोडून बहुतेक शहरं पुन्हा लहान गावं होतात, जणू सगळ्या जगाने एकाच मुहूर्तावर कात टाकली. असं कुठे झालंय? गोव्यातलेच तिसवाडी, साष्टी, बार्देश हे तालुके सोळाव्या शतकातच पोर्तुगिजांकडे गेले. फोंडा गेला अठराव्यात. १५६० च्या सुमारास साष्टीतल्या कुठ्ठाळीचा देव मंगेश झुआरी नदी ओलांडून फोंड्यातल्या प्रियोळला आला तो याच फरकाच्या भरवशावर. नदीच्या पलीकडे एक युग, अलीकडे दुसरं.

जुन्या गेममध्ये हा विस्कळीतपणा होता. पहिल्या भागात तर भालेवाले कधीमधी युद्धनौकाही बुडवायचे. लोक हसायचे, पण एक जण घोड्यावर आणि शेजारी रणगाड्यात, हे मला फार खरं वाटायचं.

भाच्याला यातलं काही पटलं नाही. त्याचं खरं दुःख निराळंच निघालं: सातवा भाग आला तेव्हा त्यात गांधीजीच नव्हते. अणुबॉम्ब टाकणारे गांधीजी ही या मालिकेची जुनी थट्टा; पहिल्या गेममधल्या एका दोषामुळे ते तसे वागायचे म्हणे. तसा दोष गेममध्ये कधी नव्हताच, असं या मालिकेचे जनक खुद्द सिड मायर यांनी सांगितलंय. भाचा म्हणतो, त्यांना काय कळतंय!