कुर्त्याखालचे पिस्तूल आणि पहिला अर्धा सेकंद

ह्यूस्टनच्या पश्चिमेकडील एका उपनगरात माझे औषधांचे छोटे दुकान आहे आणि ते रात्री नऊ वाजता मी स्वतः बंद करते. गल्ला मोजायचा, वेदनाशामक औषधांच्या कपाटाला कुलूप घालायचे आणि मागच्या दाराने अंधारातून गाडीपर्यंत चालत जायचे, हा रोजचा क्रम. तीन वर्षांपूर्वी एका रात्री त्या मागच्या दारापाशी एक अनोळखी माणूस माझी वाट पाहत उभा होता. मी दार पुन्हा आतून लावून घेतले, पोलिसांना फोन केला आणि ते येण्याआधीच तो निघून गेला. काहीही घडले नाही. पण त्यानंतर मी रीतसर शिक्षण घेऊन पिस्तूल बाळगू लागले. तो निर्णय योग्य की अयोग्य, या वादात मी येथे शिरत नाही. एकदा ते कमरेला लावल्यावर कपड्याखालून सुरक्षितपणे आणि वेळेत बाहेर कसे काढायचे, याचा जो सराव मी गेली दोन वर्षे करत आहे, त्याविषयी मला लिहायचे आहे, कारण मराठीत यावर कोणी सविस्तर लिहिलेले माझ्या वाचनात आलेले नाही आणि आपल्या पोशाखामुळे काही अडचणी खास आपल्याच आहेत.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगते. एच-१बी व्हिसावर असलेल्या व्यक्तीला, काही अपवाद सोडले तर, बंदूक जवळ ठेवण्यास अमेरिकेचा केंद्रीय कायदा मनाई करतो. त्यामुळे त्या व्हिसावर असताना माझ्यापुढे हा प्रश्न उभाच राहिला नाही. टेक्सासमध्ये १ सप्टेंबर २०२१ पासून २१ वर्षांवरील पात्र व्यक्तीला परवान्याशिवायही पिस्तूल बाळगता येते, तरी मी परवाना घेतला, कारण त्यानिमित्ताने कायदा नीट शिकवला जातो. त्याच्या परीक्षेत ३, ७ आणि १५ यार्डांवरून मिळून ५० गोळ्या झाडायच्या असतात आणि २५० पैकी १७५ गुण पुरतात. माझ्या परीक्षेत होल्स्टरमधून, म्हणजे कमरेला लावायच्या पिस्तुलाच्या म्यानातून, पिस्तूल काढण्याचा प्रसंग एकदाही आला नाही. ते समोरच्या फळीवर ठेवलेले होते आणि तेथून उचलूनच सर्व गोळ्या झाडायच्या होत्या. म्हणजे ज्या कृतीवर सारे अवलंबून असते, ती न करताच मी उत्तीर्ण झाले. बहुतेक सार्वजनिक शूटिंग रेंजवर होल्स्टरमधून पिस्तूल काढण्यास बंदी असते आणि ती बंदी मला रास्त वाटते, कारण शेजारच्या गाळ्यात उभा असलेला माणूस किती शिकलेला आहे हे कोणालाच ठाऊक नसते.

त्यामुळे मी एका प्रशिक्षकाच्या छोट्या वर्गात नाव घातले. तेथे शॉट टायमर नावाचे हातात मावणारे यंत्र वापरतात. ते अनपेक्षित क्षणी शिटीसारखा आवाज करते आणि तेव्हापासून गोळीच्या आवाजापर्यंतचा काळ शतांश सेकंदात दाखवते. सात यार्डांवर, म्हणजे साधारण साडेसहा मीटरवर लावलेल्या कागदावर पहिली गोळी लागेपर्यंत मला ३.४ सेकंद लागले. अंगावर कुर्ता होता. प्रशिक्षकांनी ती आकडेवारी वहीत लिहून घ्यायला सांगितली आणि मग एकच प्रश्न विचारला, की यातला वेळ नेमका कुठे गेला.

मला वाटले होते की हात जोरात हलवला की वेळ कमी होईल, आणि पहिला महिना मी तेच करत राहिले. पिस्तूल छातीपासून समोर नेताना मी जणू ठोसा मारत होते. त्या झटक्याने पिस्तुलाचे टोक वर उडायचे आणि ते स्थिर होईपर्यंत वाट पाहावी लागायची, म्हणजे वाचवलेला वेळ तेथेच खर्च व्हायचा. मग मी एकेक टप्पा वेगळा मोजला. आवाज ऐकून हात हलण्यास मला सुमारे पाव सेकंद लागतो, आणि त्यात सरावाने फारसा फरक पडत नाही. पिस्तूल होल्स्टरमधून निघून डोळ्यांसमोर येईपर्यंत अर्ध्या सेकंदापेक्षा थोडे अधिक. मात्र कपडा बाजूला करून मुठीवर पक्की पकड बसेपर्यंत मला जवळजवळ पावणेदोन सेकंद लागत होते. पिस्तूल जागचे हललेलेही नसताना निम्मा वेळ संपलेला असायचा. हे लक्षात आल्यावर माझा सराव पूर्ण बदलला, आणि या लेखात सांगण्यासारखे मुख्य काही असेल तर ते हेच आहे: वेग कमावायचा तो पिस्तुलाला हात लागेपर्यंतच्या भागात, आणि तेथून पुढे फक्त गुळगुळीतपणा हवा.

आता कुर्त्याविषयी. येथील पुस्तकांत आणि वर्गांत टी-शर्ट किंवा पुढून उघडे जाकीट गृहीत धरलेले असते. मी पिस्तूल उजव्या कमरेवर, किंचित मागे लावते. पुढे पोटापाशी लावण्याची पद्धत अधिक वेगवान मानली जाते, पण दिवसभर वाकून खालच्या फळ्यांवरची खोकी काढणाऱ्या मला ती सोसत नाही. आपल्या कुर्त्याला नेमकी याच जागी चीर असते. वरवर ती सोय वाटते, प्रत्यक्षात ती सापळा आहे. डावा हात आडवा नेऊन मी कुर्त्याचा पुढचा पल्ला वर ओढायची आणि मागचा पल्ला पिस्तुलाच्या मुठीवर तसाच लोंबत राहायचा. मग उजव्या हातात मूठ आणि कापड दोन्ही एकदम यायचे. दुसरी अडचण लांबीची. गुडघ्यापर्यंतच्या कुर्त्याची कड मुठीच्या वर नेण्यासाठी ती खूप उंच उचलावी लागते, तर कमरेखाली वीतभर येणाऱ्या कुर्तीची कड एका झटक्यात छातीपर्यंत जाते. आता मी दुकानात आखूड कुर्ती घालते, तिच्या चिरा चार बोटे उरतील इतक्या खाली शिवून घेतल्या आहेत आणि उजव्या कोपऱ्यात शिवणीच्या आत एक जड बटण टाकले आहे, म्हणजे कड हाताला चटकन सापडते. ओढणी मी या काळात वापरत नाही. हे मी कोणाला दोष म्हणून सांगत नाही, पण ओढणी आणि होल्स्टर एकत्र नांदत नाहीत.

डाव्या हाताने कड मुठीत घट्ट धरून छातीच्या हाडापर्यंत न्यायची आणि पिस्तूल पूर्ण बाहेर येईपर्यंत सोडायची नाही. उजव्या हाताची अंगठा आणि तर्जनी यांच्यामधली बेचकी मुठीच्या मागच्या बाजूला शक्य तितकी वर बसली पाहिजे, कारण पिस्तूल होल्स्टरमध्ये असतानाच जी पकड बसते तीच शेवटपर्यंत राहते. नंतर ती सुधारायला वेळ मिळत नाही. तर्जनी सरळ, ट्रिगरपासून दूर, पिस्तुलाच्या अंगाला टेकलेली. मग पिस्तूल सरळ वर, नळी समोर वळवायची, छातीपाशी डावा हात बाजूने येऊन मिळतो आणि दोन्ही हात एकत्र पुढे जातात. डावा हात कधीही नळीच्या समोरून जाता कामा नये. हे सारे मी पहिल्या काही आठवड्यांत टायमर न लावता, अगदी सावकाश, आरशासमोर न राहता डोळे मिटून सुद्धा करून पाहिले, म्हणजे कोठे कापड अडते ते हातालाच कळते.

घरातला हा सराव गोळ्यांशिवाय करतात, त्याला येथे ड्राय फायर म्हणतात. त्याचे माझे नियम मी कधीही मोडत नाही. सर्व काडतुसे स्वयंपाकघरातल्या कुलूपबंद पेटीत राहतात आणि सराव वरच्या मजल्यावरच्या खोलीत होतो. मॅगझिन (गोळ्या भरायची पेटी) काढायचे, स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) मागे ओढून धरायची, चेंबरमध्ये (गोळी बसते त्या जागेत) डोळ्यांनी पाहायचे आणि करंगळी घालूनही पाहायचे. नेम धरायचा तो बाहेरच्या विटांच्या भिंतीवर, कारण येथील घरांच्या आतल्या भिंती जिप्समच्या पातळ पत्र्यांच्या असतात आणि नऊ मिलिमीटरची गोळी त्यांतून सहज आरपार जाते. सराव पंधरा मिनिटांचाच, त्याहून अधिक नाही, कारण थकलेला हात चुकीचीच सवय पक्की करतो. शेवटी मी मोठ्याने म्हणते, "सराव संपला", आणि त्यानंतर त्या दिवशी "अजून एकदाच" हा विचार मनात येऊ देत नाही. पिस्तूल पुन्हा भरल्यावर सवयीने केलेल्या त्या एका जादा वेळी घरात गोळी सुटल्याचे प्रसंग घडलेले आहेत. आमची मुलगी अकरा वर्षांची आहे. टेक्सासमध्ये निष्काळजीपणे ठेवलेली भरलेली बंदूक १७ वर्षांखालील मुलाच्या हाती लागली तर तो गुन्हा ठरतो, परंतु तो कायदा नसता तरी आमच्या तिजोरीला कुलूप असतेच.

टायमरवर एक सोय असते: ठरवलेला काळ संपला की तो दुसरा आवाज करतो. मी तो काळ पूर्ण कृतीसाठी न लावता फक्त पकड बसण्यासाठी लावला. आधी दीड सेकंद, दहांपैकी नऊ वेळा जमले की १.३, मग १.१, आणि आता ०.८. पिस्तूल बाहेर काढायचेच नाही. कड उचलायची, पकड बसवायची, थांबायचे, पुन्हा सोडायचे. कंटाळवाणे काम आहे, पण रेंजवर माझा पूर्ण वेळ ३.४ वरून १.७ पर्यंत आला, तो मुख्यतः यामुळे. कपड्याखालून सात यार्डांवर दीड सेकंद हे अनेक शिक्षक चांगले मानतात.

पिस्तूल परत होल्स्टरमध्ये ठेवण्याला मात्र कसलीही घाई नको, आणि हे मी एका आवाजामुळे शिकले. सुरुवातीला मी सलवारीवर वेगळा पट्टा बांधून सराव करत असे. एका संध्याकाळी रिकामे पिस्तूल मी झटकन परत घातले आणि आतून 'टक्' असा आवाज आला. सलवारीच्या नाडीचे टोक होल्स्टरच्या तोंडात गेले होते आणि त्याने ट्रिगर दाबला गेला होता. पिस्तूल भरलेले असते तर ती गोळी माझ्या मांडीत गेली असती. त्या दिवसापासून ताठ पट्ट्याची पँट, ट्रिगर पूर्ण झाकणारे आणि तोंड न मिटणारे कडक प्लास्टिकचे होल्स्टर, आणि परत ठेवताना कुर्ती उंच धरून, मान वळवून, डोळ्यांनी आत पाहणे.

माझे माहेर कोल्हापूरचे. कोल्हापूरच्याच नेमबाज राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्णपदक मिळवले तेव्हा आमच्या घरी पेढे वाटले होते. त्या प्रकारातील जलद फेरीत हात ४५ अंशांत खाली असतो, लक्ष्य तीन सेकंदच दिसते आणि तेवढ्यात हात उचलून एक गोळी झाडायची असते. पूर्वी मला ते केवळ नेमाचे कौशल्य वाटे. आता मी त्यांचा हात पाहते, आणि तो कोठेही झटका न देता वर येतो हे माझ्या लक्षात येते.

वेगाविषयी बोलताना येथे एक नाव हमखास येते, ते सॉल्ट लेक सिटीच्या पोलीस दलातील सार्जंट डेनिस ट्युलर यांचे. १९८३ मध्ये त्यांनी लिहिले, की धडधाकट माणूस २१ फूट अंतर सुमारे दीड सेकंदात कापतो, आणि प्रशिक्षित पोलिसालाही पिस्तूल काढून गोळी झाडायला जवळपास तितकाच वेळ लागतो. लोकांनी याचा '२१ फुटांचा नियम' केला आणि जणू त्या अंतराच्या आत गोळी झाडण्याची मुभा आहे असा अर्थ लावला. मला तो अर्थ धोकादायक वाटतो. माझ्यासाठी त्या आकड्याचा अर्थ इतकाच, की पिस्तूल काढण्याआधी बाजूला सरकणे, मध्ये गाडी किंवा टेबल घेणे, आणि त्याहीआधी दार आतून लावून घेणे. बंदूक विनाकारण रोखणे हा स्वतंत्र गुन्हा ठरतो आणि सुटलेली गोळी कोणालाच परत आणता येत नाही.

म्हणूनच गेल्या चार महिन्यांपासून मी सरावात एक भर घातली आहे. रविवारी माझे पती माझ्या मागे उभे राहतात आणि टायमर वाजल्यावर, माझे हात पुढे जात असतानाच, "थांब" म्हणतात किंवा काहीच म्हणत नाहीत. "थांब" ऐकले की तर्जनी जागच्या जागी राहिली पाहिजे. पहिल्या रविवारी दहांपैकी चार वेळा "थांब" ऐकूनही मी ट्रिगर दाबला, आणि ते पाहून आम्ही दोघेही बराच वेळ बोललो नाही. गेल्या रविवारी तसे एकदा झाले. सलग चार रविवार ते एकदाही होणार नाही, तोवर टायमरवरचा ०.८ मी खाली आणणार नाही.