रॅले, भाग चौथा: उजव्या कपाचे २६ आटे

मंडळी, माझ्या जुन्या रॅले सायकलच्या बीबीतला (बॉटम ब्रॅकेट, म्हणजे पायडलचा एक्सल फ्रेमच्या तळाशी जिथे फिरतो ती जागा) आवाज काल रात्री थांबला. कित्येक आठवडे त्या एका 'कट्'ने माझी झोप उडवली होती. खरं तर आज पुढच्या मडगार्डबद्दल लिहायचं ठरवलं होतं, पण ते राहू दे. आधी बीबी.

मागचे भाग वाचलेल्यांना सायकल ठाऊक आहेच. वाईच्या एका वाड्याच्या माळ्यावरून उतरवलेली २८ इंची, रॉड ब्रेकची, तीन गिअरवाली. हेडबॅजवर बगळा आणि नॉटिंगहॅम, चेनव्हीलमध्ये कापलेली बगळ्यांची तीन डोकी, ४६ दात. मागच्या चाकाला ४० तारा आणि पुढच्याला ३२, म्हणजे इंग्लिश जोडी शाबूत. मागच्या वेळी हबवरची ग्रीस आणि माती खरवडली तेव्हा खाली 'एडब्ल्यू' (स्टर्मी-आर्चरच्या तीन गिअरच्या हबचं नाव), ५३ आणि ४ असे आकडे निघाले. म्हणजे हब १९५३ च्या एप्रिलचा. हबची तारीख म्हणजे सायकलची तारीख नव्हे, चाक बदललेलं असू शकतं, हे मला मान्य आहे. पण तारांना आणि रिमला चढलेला गंज सारख्या वयाचा दिसतो, त्यामुळे मी सध्या ५३ धरून चाललो आहे.

त्या हबबद्दल दोनच ओळी, कारण आनंद मनात मावत नाहीये. उघडला, रॉकेलमध्ये रात्रभर ठेवला आणि सकाळी आतले चारही पॉल (चाकाला एकाच दिशेने पकडणाऱ्या खिट्ट्या) चकचकीत! एकाचाही कोपरा झिजलेला नाही. नवीन स्प्रिंगा घातल्या, स्कूटरचं २०-४० इंजिन ऑइल दोन चमचे सोडलं, आणि मागच्या दातेरी चक्राच्या एका फेऱ्याला चाक पहिल्या गिअरला तीन चतुर्थांश फेरा, तिसऱ्याला चार तृतीयांश, असं हाताने फिरवून, खडूने खुणा करून मोजलं. बरोबर आलं. कृपा करून या हबात कोणी ग्रीस भरू नका. पॉल ग्रीसमध्ये चिकटतात आणि मग 'गिअर घसरतो' म्हणून चांगला हब भंगारात जातो.

आता मूळ दुखणं. कॉटर पिना (क्रँकला एक्सलवर धरून ठेवणाऱ्या पिना) मी ठोकून काढल्या नाहीत. ठोकल्यावर हातोडीचा सगळा दणका छर्ऱ्यांमधून कपाला, म्हणजे छर्रे ज्या आटेदार वाटीत फिरतात तिला, बसतो. बाकावरच्या व्हाइसमध्ये क्रँक धरला, पिनेच्या मागे पाइपचा तुकडा ठेवला आणि हळूहळू दाबत गेलो. दोन्ही पिना 'टक्' करून सुटल्या. एक्सल बाहेर आला, २२ छर्रे ताटलीत पडले, आणि उजव्या कपात बॅटरीचा उजेड मारला तर तळाशी, अगदी सहा वाजताच्या जागी, नखाएवढा खड्डा. डावा कप मात्र आरशासारखा.

उजवा कप काढणं हे एक वेगळंच प्रकरण. त्याचे आटे उलटे असतात हे आपल्याला माहीत आहे, पण माझ्या आधी कोणीतरी छिन्नी लावून तो नेहमीच्या दिशेने फिरवायचा भरपूर प्रयत्न केलेला दिसत होता. शेलच्या, म्हणजे कप ज्यात बसतो त्या फ्रेमच्या नळीच्या, कडेवर त्याचे व्रण आहेत. मी १६ मिलिमीटरचा लांब बोल्ट आतून घातला, कपाच्या दोन्ही बाजूंना जाड वायसर लावले आणि बाहेरून नट आवळत गेलो. नट घड्याळाच्या दिशेने आवळला जातो आणि उलट्या आट्यांचा कप त्याच दिशेने सुटतो. म्हणजे जितका जोर लावाल तितकी पकड घट्ट. तापारियाचा मोठा रिंग पाना आणि त्यावर दोन फुटी पाइप. कप एकदा कण्हला आणि फिरला. शेलला नवा ओरखडा एकही नाही. बाजारात 'बीबी कप पाना' म्हणून जो पातळ पत्र्याचा पाना मिळतो तो घेऊ नका. पहिल्याच जोराला तो वाकतो आणि कपाच्या कडा गोल करून ठेवतो.

नवा कप काय, पेठेतल्या कुठल्याही दुकानात मिळेल, असं वाटलं होतं. मिळालाही, लुधियानाचा, छान पॉलिश केलेला. हाताने दोन फेरे गोडीत गेला आणि तिसऱ्याला अडला. वाटलं आट्यांत रंग असेल. ब्रशने साफ केलं, तेल सोडलं, पुन्हा तेच. दुसऱ्या दुकानातला आणला, तोही तिथेच अडला. आमच्या कोपऱ्यावरचे मिस्त्री म्हणाले, "साहेब, पान्याने आवळा, बसेल." मी नाही आवळला, आणि आज त्या निर्णयाचं फार बरं वाटतं.

कॅलिपरने दोन्ही कपांचा व्यास जवळपास सारखाच येत होता. मग जुना कप आणि नवा कप आट्याला आटा लावून खिडकीसमोर धरले. एका टोकाला आटे एकमेकांत बसले आणि दुसऱ्या टोकाला उजेड दिसला. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. पिच गेज (इंचाला किती आटे ते ओळखायची दातेरी पाती) आणलं. नव्या कपाला २४ चं पातं बसलं आणि जुन्याला २६ चं.

ज्यांनी रॅले उघडली आहे ते म्हणतील, हे तर जगजाहीर आहे. मी पुस्तकी वाचलंही होतं. पण हातात अडलेला कप असताना ते आठवलं नाही. सगळ्या इंग्लिश सायकलींचे बीबीचे आटे इंचाला २४. त्यांचाच नमुना आपल्याकडे आला, म्हणून आपल्या सायकलींनाही तेच. रॅले मात्र नॉटिंगहॅमच्या स्वतःच्या कारखान्यात जवळपास सगळे भाग बनवायची आणि तिचे आटे इंचाला २६. हेडसेटलाही (हँडलखालच्या छर्ऱ्यांच्या जोडणीलाही) तसंच. २४ च्या आट्याची चाल १.०५८ मिलिमीटर आणि २६ ची ०.९७७. फेऱ्यामागे फरक जेमतेम ०.०८ मिलिमीटर, म्हणून दोन फेरे फसवे जातात आणि तिसऱ्याला गळा धरतात. तिथे पान्याचा जोर लावला असता तर शेलचे आटे कायमचे गेले असते. फ्रेमचंच नुकसान.

मग शोध सुरू झाला. चार रविवार आणि दोन बुधवार जुन्या बाजारात गेलो, पिच गेज खिशात ठेवून. विकणारे 'रॅलेचा आहे' असं प्रत्येक कपाबद्दल सांगतात, त्यात त्यांचा दोष नाही, पण गेज खोटं बोलत नाही. एकूण ३१ कप तपासले. सगळे २४. एका शुक्रवारी मुंबईला चोरबाजारातही जाऊन आलो. कप मिळाला नाही, पण रडज या जुन्या इंग्लिश सायकलचं एक चेनव्हील मिळालं, मधे उघडा पंजा असलेलं, आणि त्यावरून एक कामाची गोष्ट सुचली. रॅलेने हंबर ही सायकल कंपनी १९३२ मध्ये घेतली आणि रडज १९४३ मध्ये. त्यानंतर त्या नावांच्या सायकलीही नॉटिंगहॅमलाच बनल्या, म्हणजे त्यांच्यातही २६ आट्यांचे कप असणार! तेव्हा भंगारात पंजाचं (रडज) किंवा पाच पळत्या माणसांचं (हंबर) चेनव्हील दिसलं की फ्रेम उलटी करून बीबी बघा. हर्क्युलिस आणि फिलिप्सच्या मागे मात्र लागू नका. त्या १९६० पर्यंत रॅलेच्या घरातल्या नव्हत्याच, आणि आपल्या अंबत्तूरच्या हर्क्युलिसला तर २४ च.

शेवटी इंग्लंडातल्या एका विक्रेत्याकडून मागवला. जाहिरातीत स्पष्ट लिहिलं होतं, 'रॅले, २६ आटे'. १८ पौंड, वर टपाल, वर कस्टम. पाच आठवड्यांनी पाकीट आलं, मी ते उंबऱ्यातच उघडलं आणि गेज लावलं. २४. तक्रार केली, परत पाठवायचा खर्च माझ्यावरच. संताप झाला. आता परदेशातून मागवायचा असेल तर आधी गेज लावलेल्या कपाचा फोटो मागणार, त्याशिवाय पैसे देणार नाही.

इथपर्यंतचा मजकूर मी गेल्या रविवारी लिहून ठेवला होता आणि शेवटी 'आता लेथवर कप बनवणार' असं लिहिलं होतं. भोसरीच्या लेथवाल्या काकांशी बोलणंही झालं होतं. त्यांच्या जुन्या इंग्लिश लेथच्या लीडस्क्रूला (आटे पाडताना हत्यार पुढे सरकवणाऱ्या स्क्रूला) इंचाला ४ आटे. २६ पाडायचे तर दोनास तेराचं प्रमाण लागतं, म्हणजे ६५ दातांचा गिअर हवा. काकांनी लाकडी पेटी उघडून तो लगेच काढला आणि फडक्याने पुसून माझ्या हातात ठेवला. तो क्षण मी विसरणार नाही. पण ईएन ३१ (बेअरिंगचं पोलाद) कापून, मग तापवून तेलात विझवून, मग आतली धाव (छर्रे धावतात तो गोल पट्टा) घासून घ्यायची, म्हणजे महिना सहज जाणार.

सोमवारी रात्री जुना कप हातात घेऊन नुसता बघत बसलो होतो. खड्डा एकाच जागी आहे. उरलेली धाव चांगली आहे. हा कप कडेपर्यंत आवळून बसतो, त्यामुळे प्रत्येक वेळी खड्डा त्याच जागी, तळाशी येतो. मग तो थोडा आधीच थांबवला तर? कडेखाली पातळ वायसर घातला की कप तेवढा कमी फिरेल आणि खड्डा सरकेल. एका फेऱ्याला ०.९७७ मिलिमीटर, म्हणजे पाव फेऱ्याला जवळजवळ पाव मिलिमीटर!

पाव मिलिमीटरची पितळी शिम (पातळ पत्रा) आणली, कंपासने आखून कात्रीने कड्या कापल्या. उजव्या बाजूने घड्याळ बघतोय असं समजा, सायकलचं पुढचं चाक तीनकडे. कप उलट दिशेने आवळला जातो, तेव्हा पाव फेरा आधी थांबला की खड्डा सहावरून नऊवर जातो. एक कडी घातली, नवे पाव इंची छर्रे अकरा-अकरा भरले, सायकल जोडली, वाड्यासमोर चक्कर मारली. आवाज वाढला! प्रत्येक उजव्या पायडलला 'कट्'.

घरी येऊन कागदावर काढलं तेव्हा कळलं. नऊ म्हणजे मागची बाजू, आणि चेन एक्सलचं उजवं टोक मागेच ओढते. मी खड्डा नेमका चेनच्या ओढीखाली आणून ठेवला होता. दोन कड्या घातल्या, खड्डा बारावर. खूप सुधारला, पण उभं राहून चढ चढताना डावा पाय दाबला की बारीक 'टिक्'. हे पहिल्यांदा उलगडेना. मग लक्षात आलं की एक्सल तराजूच्या दांडीसारखा वागतो. डावं पायडल डाव्या कपाच्या बरंच बाहेर आहे, ते खाली दाबलं की उजवं टोक वर उचललं जातं आणि उजव्या कपाच्या वरच्या भागावर भार येतो. उजव्या पायाएवढा नाही, पण येतो. उरला तीनचा आकडा, पुढची बाजू. तिथे ना वजन टेकत, ना चेन ओढत.

तीन कड्या, पाऊण मिलिमीटर. चेनची रेषा तेवढी बाहेर गेली, पण ४६ चं जाड चेनव्हील आणि अर्धा बाय अष्टमांश चेन ते जाणवूही देत नाही. डाव्या कपाने उरलेला फरक सांभाळला. काल रात्री कॉटर पिना दाबून बसवल्या आणि सिंहगड रस्त्याने राजारामपुलापर्यंत जाऊन आलो. तिसऱ्या गिअरमध्ये, उभं राहून, मुद्दाम दोन्ही पायांनी जोर लावत. काही नाही. फक्त हबची टिकटिक आणि टायरचा आवाज. परत येताना मी दोनदा थांबून कान लावला, इतका विश्वास बसत नव्हता.

छर्रे त्या खड्ड्यावरून अजूनही जातात, भार नसताना जातात एवढंच. त्यामुळे नवा कप हवाच आहे, पण आता घाई नाही. पाचशे किलोमीटरनंतर उघडून खड्ड्याच्या कडा बघेन, वाढल्या असतील तर सांगेन.

आणि हे लिहिता लिहिता एक सुचतंय. लेथवर सगळा वेळ गिअर लावण्यात जातो. एकदा ६५ चा गिअर चढला की एक कप काय आणि सहा काय. भट्टीतही ते एकत्रच जातील. कर्वेनगरच्या विक्रम पेंडसे सायकल संग्रहालयात बीएसएची घडीची पॅराट्रूपर बघायला गेलो होतो, तिथे भेटलेल्या दोघांच्या रॅलेही याच कपापाशी अडल्या आहेत. तेव्हा काकांना मी एकाऐवजी सहाचं विचारतो. ज्यांना उजवा कप हवा आहे त्यांनी आधी पिच गेजचं २६ चं पातं लावून खात्री करावी, मग शेलची रुंदी मोजून कळवावी, ७१ की ७६ मिलिमीटर. एक्सलची लांबी त्यावर ठरते आणि मला तेही एकदमच बघता येईल. काका गुरुवारी दुपारी मोकळे आहेत.