गटई स्टॉलपासून इथपर्यंत : आमची वाटचाल

नवीन गिऱ्हाईक आलं की म्हणतं "भाऊ, नऊ नंबर दाखवा", आणि आम्ही म्हणतो आधी पायातली जुनी चप्पल काढा, उलटी करून पाहू द्या. काहींना हे बिलकुल आवडत नाही, खास करून लग्नाच्या खरेदीला चांगले कपडे घालून आलेल्यांना, पण आमचं दुकानच जुन्या चपलांतून उभं राहिलंय तर काय करणार.

बाबा वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीला एसटी स्टँडच्या बाजूला निंबाच्या झाडाखाली चपला-जोडे शिवायला बसायचे. आरी, रापी, लोखंडी ऐरण, मेण लावलेला दोरा आणि जुन्या टायरचे तुकडे, एवढंच भांडवल. वावरात जाणाऱ्यांना टायरचाच सोल लागायचा, कारण बाभळीचा काटा हलक्या सोलमधून आरपार येतो आणि पऱ्हाटी म्हणजे कापसाची झाडं कापल्यावर जमिनीत जे टोकदार बुडखे राहतात ते तर काट्यापेक्षा वाईट. पुढे समाजकल्याणच्या योजनेतून पत्र्याचा गटई स्टॉल मिळाला, गटई म्हणजे चपला-जोडे शिवायचं काम, डोक्यावर छप्पर आलं, मे महिन्यात तो स्टॉल असा तापायचा की दुपारी बाबा परत निंबाखालीच येऊन बसायचे हा भाग वेगळा.

बाबांची एक सवय होती, चप्पल हातात आली की शिवायच्या आधी सोल उलटा करून पाहायचे आणि मग समोरच्याला विचारायचे, "काकाजी, डावा टोंगळा दुखते का तुमचा?" टोंगळा म्हणजे गुडघा. माणूस चाट पडायचा. त्यात काही जादू नव्हती. टाचेची बाहेरची कड थोडी घासते ते सगळ्यांचंच असतं, पण आतली कड खाल्ली गेली असेल तर पाय आत कलंडतो, बहुतेक तळवा सपाट असतो. दोन्हीतली एकच चप्पल जास्त झिजली तर माणूस एका पायावर भार देतो. बुटाला अंगठ्याजवळ भोक पडलं तर बूट लांबीला कमी. मी शाळा सुटल्यावर स्टॉलवर बसायचो, खिळे सरळ करून द्यायचो, आणि हे सगळं ऐकून ऐकून डोक्यात बसलं.

मग दीडशे रुपयांच्या प्लास्टिक चपला आल्या. दीडशेची चप्पल शिवायला वीस रुपये कोण देणार, तुटली की फेकली. दुरुस्तीचं काम दरवर्षी कमी होत गेलं आणि बाबा म्हणाले आता तू दुसरं काही पाह्य. मी दुसरं काही पाहिलं नाही, सरकारच्या मुद्रा योजनेतलं शिशु कर्ज घेतलं, पन्नास हजारापर्यंत मिळतं ते, बाजाराच्या रस्त्यावर एक गाळा भाड्याने घेतला आणि नागपूरच्या होलसेलवाल्याकडून माल भरला. सुरुवातीला सगळे विकतात तेच आम्हीही विकत होतो. फरक एवढाच की दुकानाच्या दारात बाबांची दुरुस्तीची बैठक ठेवली, आणि त्यामुळेच पुढचं सगळं घडलं, कारण आपण विकलेला माल सहा महिन्यांनी काय होऊन परत येतो हे बाकी दुकानदारांना दिसत नाही, आम्हाला रोज दिसायचं.

एक गोष्ट लवकर कळली. लोक दुकानात आतला सोल अंगठ्याने दाबून पाहतात, मऊ लागला की खूश. पण मऊ म्हणजे आधार नाही. मेमरी फोमचे जोडे पहिल्या दिवशी गादीवर चालल्यासारखे वाटतात आणि रोज भरपूर उभं राहणाऱ्या माणसाच्या पायाखाली ते लवकर बसून जातात. आधार पाहायचा तर जोडा हातात घ्या, टाचेचा मागचा भाग दाबा, तो सहज आत जायला नको. मग पुढून वाकवा, जिथं आपला चवडा वाकतो तिथंच वाकायला पाहिजे, मधोमध घडी पडली तर ठेवून द्या. मग दोन्ही टोकं धरून पिळा, सहज पिळला गेला तर तो पाय काय सांभाळणार. एवढं कोणत्याही दुकानात करता येतं, दुकानदाराने तोंड वाकडं केलं तरी करा.

टाचदुखीवाले सगळ्यात जास्त येतात. "सकाळी उठून पहिलं पाऊल टाकलं का माय आठवते" असं सांगतात, थोडं चाललं की कमी होतं आणि बसून उठलं की परत. तळव्याखालचा जाड पट्टा टाचेपाशी दुखावतो त्याचं हे लक्षण. माझं स्वतःचं मत असं की घरोघर सारवलेली जमीन जाऊन टाइल्स आल्या आणि घरात अनवाणी चालायची सवय तीच राहिली त्याचाही यात हात आहे. अशांना आम्ही सांगतो की घरात घालायची चप्पल वेगळी ठेवा, एकदम सपाट नको, टाच थोडी उंच आणि मधे कमानीला उठाव असलेली, देवघरात आणि स्वयंपाकघरात काढा, बाकी घालाच. भिंतीला हात टेकवून पोटरी ताणायचा व्यायाम पण सांगतो. आणि महिना-दोन महिन्यांत फरक नाही पडला तर डॉक्टरकडे जा म्हणतो, चप्पल म्हणजे औषध नव्हे.

शुगरवाल्यांचा विषय मात्र वेगळा आणि गंभीर. एक मावशी चप्पल शिवायला आल्या, तळव्याला मोठा फोड. विचारलं काहून व मावशी काय झालं, तर म्हणे "देवळात गेलती बापू दुपारी, जयलं कवा ते कयलंच नाई." म्हणजे पाय कधी भाजला ते कळलंच नाही, शुगरने पायाची जाणीव गेलेली. अशा माणसाच्या पायातून स्लीपर निघून पडते आणि तो तसाच अनवाणी पुढे चालत राहतो, चपलेत खडा असला तरी समजत नाही. अशा बधिर पायांसाठी एमसीआर नावाचा रबर वापरतात, बारीक बारीक बंद पेशींचा, दाबला तरी लगेच सपाट न होणारा. ही चप्पल मुळात कुष्ठरोग्यांसाठी वापरात आली, कारण दुखणं तेच, पायाला कळत नाही. आमच्या भागात हे नवीन नाही, वर्ध्याजवळ दत्तपूरचं कुष्ठधाम मनोहरजी दिवाणांनी १९३६ ला सुरू केलं, तिकडे वरोऱ्याला बाबा आमट्यांचं आनंदवन. आम्ही एमसीआरच्या शीट मागवून घेतल्या आणि बाबांनी परत आरी हातात घेतली. खाली टायरसारखा कडक सोल, वर एमसीआर, मागून टाचेला पट्टा म्हणजे चप्पल निसटत नाही, पट्टे वेल्क्रोचे म्हणजे पाय सुजला तरी सैल करता येतात, आणि खिळा एकसुद्धा नाही, सगळं चिकटवायच्या सोल्युशनवर आणि शिलाईवर, कारण झिजून वर आलेला खिळा शुगरवाल्याला लागलेला कळतच नाही. सेवाग्रामला दवाखान्यात जाणारे पेशंट एकमेकांना सांगायला लागले आणि आर्वी सोडून आष्टी, कारंजा, पुलगावकडून पण लोक यायला लागले. त्यांना चपलेसोबत आम्ही फुकट बडबड पण देतो : रोज रात्री तळवे पाहा, दिसत नसेल तर आरसा खाली ठेवा नाहीतर नातवाला दाखवा, कुरूप ब्लेडने कापू नका, मेडिकलमधली कुरूपाची पट्टी लावू नका त्यात अॅसिड असतं, गरम पाण्यात पाय टाकायच्या आधी घरच्या दुसऱ्या कुणाला हात घालून पाहू द्या. जखम दिसली तर आमच्याकडे नाही, सरळ दवाखान्यात.

बायकांचं गिऱ्हाईक आमच्याकडे उशिरा वाढलं आणि त्याचं श्रेय माझ्या बायकोचं. बाया पुरुष दुकानदारासमोर पाय पुढे करायला लाजतात, घाईत एक नंबर लहानच घेऊन जातात. ती माप घ्यायला बसायला लागली तेव्हापासून आशाताई, अंगणवाडीच्या मॅडम, नर्सबाई सगळ्या येतात. जोडव्यांचा त्रास पण तिनेच ओळखला, बंद बुटात जोडवी बाजूच्या बोटाला घासतात आणि बाई म्हणते बूट चावतो. पुढून रुंद बूट दिला की प्रश्न मिटतो.

मापाचं थोडं सांगतो कारण सगळा धंदा त्यावर आहे. माप संध्याकाळी द्या, दिवसभरात पाय थोडा फुगतो. उभं राहून द्या, बसून नाही. दोन्ही पाय मोजा, बहुतेकांचे थोडे लहान-मोठे असतात, मोठ्या पायाचं घ्या. कोऱ्या कागदावर पाय ठेवून पेन्सिल सरळ उभी धरून कड काढली की काम होतं. सगळ्यात लांब बोट अंगठाच असतो असं नाही, जे लांब असेल त्याच्यापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा पाहिजे. आपल्याकडे जे नंबर चालतात ते इंग्लंडचे, एका नंबरात आठ-साडेआठ मिलिमीटरचा फरक, पण त्यात रुंदी कुठेच येत नाही आणि आपले पाय तर रुंद. चेन्नईच्या सीएलआरआय या केंद्रीय चामडे संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ मध्ये देशभर ७९ ठिकाणी एक लाखाच्या वर लोकांचे पाय थ्रीडी स्कॅन करून मोजले, भारतीय पाय तिकडच्यांपेक्षा रुंद निघाले आणि त्यावरून 'भा' नावाचे आपले स्वतःचे नंबर सुचवले. हे बाबांना सांगितलं तर म्हणाले, हे तर मले बी माहित होतं.

शेगावला पायदळ जाणारे भाविक दरवर्षी येतात आणि दरवर्षी निघायच्या आदल्या दिवशी येतात! नवे बूट घालून दुसऱ्या दिवशी पहाटे निघायचं म्हणे. आम्ही विकत नाही, खरंच नाही विकत, जुनेच द्या शिवून देतो म्हणतो. वारीचे बूट तीन-चार आठवडे आधी घ्यायचे, रोज थोडं थोडं चालून रुळवायचे, आणि अर्धा नंबर मोठे, कारण लांब चालण्याने पाय फुगतो. पोलीस भरतीची पोरं त्याच्या उलट, सकाळी रस्त्यावर १६०० मीटर मारतात आणि बूट फाटेपर्यंत तेच वापरतात. वरून चांगला दिसला तरी रनिंग शूजचा फोम साधारण पाचशे ते आठशे किलोमीटरमध्ये मरतो, मग नडगी दुखायला लागते आणि पोरगं म्हणते स्टॅमिना कमी पडून रायला.

शेतातल्या गमबुटांकडे आम्ही २०१७ नंतर जास्त लक्ष दिलं. त्या पावसाळ्यात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर दगावले, सगळ्यांनी पेपरात वाचलंच. फवारणी करताना चामडी जोडा चालत नाही, चामडं औषध शोषून घेतं आणि कितीही धुतलं तरी निघत नाही. रबरी गमबूट घाला आणि पॅन्ट बुटाच्या बाहेर ठेवा, आत खोचली की द्रावण ओघळून थेट बुटात. नंतर आतून-बाहेरून साबणाने धुऊन उलटे टांगा. घोणस-मण्यारवाल्या धुऱ्यावरून रात्री पाणी द्यायला जाणाऱ्याला पण हेच बूट कामाचे, फक्त घालायच्या आधी झटका, विंचू आत बसतो.

आता जपणुकीचं, कारण भांडणं इथंच होतात. लग्नातले बूट डब्यात जपून ठेवतात, दोन-तीन वर्षांनी भाच्याच्या लग्नात घालतात आणि वरातीत सोलचा भुगा. मग डबा घेऊन आमच्याकडे, "नवाकोरा होता भाऊ, एकदाच घातला." तो पीयूचा म्हणजे पॉलीयुरेथेन नावाच्या प्लास्टिकचा सोल असतो, हवेतल्या ओलाव्याने तो आतून कुजतो आणि बंद डब्यात तर दिसतही नाही. घालत राहा, हवा लागू द्या, आणि घेतानाच विचारा माल कधीचा आहे. आम्ही प्रत्येक डब्यावर माल आल्याचं वर्ष मार्करने लिहितो, जुना असेल तर सांगून स्वस्तात देतो. ईव्हीए म्हणजे फोमसारख्या प्लास्टिकच्या हलक्या चपला मात्र उन्हात ठेवू नका, आपल्याकडच्या ४५-४६ डिग्रीत टिनावर ठेवल्या की आकसून एक नंबर लहान होतात. पावसात भिजलेला बूट चुलीजवळ नाही ठेवायचा, आतला सोल काढून पेपर कोंबायचा, सावलीत वाळवायचा. जमलं तर दोन जोड आलटून पालटून वापरा, ओलसर बुटातूनच चिखल्या होतात. काळी माती चिकटली तर वाळू द्या, मग झटकून ओल्या फडक्याने पुसा, नळाखाली धरू नका. चामड्याला थोडं एरंडेल चांगलं, पण काही बुढे लोक तेलात बुडवूनच ठेवतात, त्याने शिलाई आणि चिकटवलेला सोल दोन्ही सुटतं.

धंद्याचं म्हणाल तर मधे ओढाताण झाली. १ जानेवारी २०२२ पासून हजाराच्या आतल्या जोड्यांवर जीएसटी ५ चा १२ टक्के झाला, गिऱ्हाईकाला वाटलं आम्हीच भाव वाढवला. २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजारापर्यंत परत ५ झाला तेव्हा कुठे बरं वाटलं. ऑनलाइनवाले तर आहेतच. आमच्याकडे माप घेतात, कागद घडी करून खिशात घालतात आणि मोबाइलवर मागवतात. राग यायचा आधी, आता येत नाही, कारण त्यातले बरेच जण तोच जोडा घेऊन दुरुस्तीला येतात आणि दुरुस्तीचे पैसे आम्ही आता नीट लावतो.

बाबा अजून सकाळी दारातल्या बैठकीवर असतात, दुपारनंतर एक पोरगा बसतो, त्याला पण सोल वाचायला शिकवतोय. सध्या डोक्यात एकच आहे, बायांच्या मापाचे गमबूट. निंदण, वेचणी सगळं बायाच करतात आणि बूट येतात ते माणसांच्या मापाचे, चार-पाच नंबर मागितला तर कारखानदार म्हणतो शंभर जोड एकदम घ्या. एवढे एकट्याला झेपत नाहीत म्हणून तळेगाव आणि कारंजाच्या दोन दुकानदारांशी बोलणं चालू आहे, महिला बचत गटांकडून नंबरासकट नावं पण येऊन रायली. ऑर्डर पोळ्याच्या आधी गेली तर वेचणीपर्यंत माल हातात येईल. कोणाला पाहिजे असतील तर कागदावर पायाची कड काढून आणा, संध्याकाळी काढा.