टाटा १६१३ ट्रकची नोंद : ऑइल घटत नव्हतं, कारण डिझेल भरत होतं

मागच्या नोंदीतलं एक वाक्य मागे घ्यावं लागतंय. "४,००० किमी झाले, ऑइलची पट्टी जागची हलली नाही" असं ८.४ लाख किमी फिरलेल्या सिक्स-बीटीचं, म्हणजे या ट्रकच्या कमिन्स इंजिनाचं, कौतुक केलं होतं (पट्टी म्हणजे ऑइलची पातळी दाखवणारी सळई). या वयाचं इंजिन हजार किमीला पाव ते अर्धा लिटर ऑइल जाळतंच. ते जळत होतं आणि तेवढीच भर दुसरीकडून पडत होती. चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्यात, डिझेल उतरत होतं.

लक्षात आलं ते ऑइल प्रेशरवरून. गरम इंजिन, पाणी ८५ अंशांच्या वर, ७०० आरपीएमला २८ पीएसआय हा या गाडीचा दोन वर्षांचा ठरलेला आकडा. तो आधी २२ झाला, मग १६, आणि शेवटी १२. या इंजिनाला आयडलवर किमान १० आणि पूर्ण फेऱ्यांवर किमान ३० पीएसआय लागतं, म्हणजे गाडी अजून मर्यादेत होती. पण मर्यादेत असणं एक आणि सहा महिन्यांत निम्म्याखाली येणं दुसरं. डॅशवरच्या इलेक्ट्रिक गेजवर विसंबून राहिलं असतं तर हे कळलंही नसतं, तो काटा १६ आणि २८ ला जवळपास एकाच जागी उभा असतो. ब्लॉकला टी (तीन तोंडांचा जोड) लावून साधा मेकॅनिकल गेज बसवा. जुन्या गाडीत यापेक्षा फायद्याचा खर्च दुसरा नाही.

पहिला संशय अर्थातच बेअरिंगवर. ५.१ लाख किमीला इंजिन पूर्ण खोलून बांधलं होतं, त्यानंतर ३.३ लाख किमी झाले. क्रँकच्या मेन आणि बिग-एंड बेअरिंगचे सेट आणून चेंबर खाली घ्यायचं ठरलंच होतं. त्याआधी फिल्टर हेडमधला प्रेशर रेग्युलेटरचा प्लंजर काढून पाहिला. तो स्वतःच्या वजनाने घसरत होता, ओरखडा नाही, स्प्रिंग शाबूत, म्हणजे दोष तिथे नव्हता. मग निथळवलेल्या ऑइलचा एक थेंब फिल्टर पेपरवर टाकून २४ तास ठेवला. मध्ये काळा ठिपका, त्याच्याभोवती काजळीचं राखाडी वर्तुळ, आणि सगळ्यात बाहेर पारदर्शक, तेलकट कडं. ते बाहेरचं कडं म्हणजे डिझेल.

लॅबचा रिपोर्ट आल्यावर शंका उरली नाही. १५डब्ल्यू-४० ऑइलची १०० अंशांना व्हिस्कॉसिटी (दाटपणा) १२.५ ते १६.३ सेंटीस्टोक्समध्ये असावी लागते. नमुना भरला १०.९, म्हणजे ४० ग्रेडचं ऑइल ३० ग्रेडमध्ये उतरलेलं. डिझेलचं प्रमाण ६ टक्के. साधारण ५ टक्क्यांच्या पुढे ऑइल बाद धरतात. काजळी ऑइल घट्ट करते आणि डिझेल पातळ करतं, त्यामुळे व्हिस्कॉसिटीचा एकटा आकडा बऱ्याचदा फसवतो. रिपोर्ट मागवताना फ्युएल डायल्यूशन, म्हणजे ऑइलमध्ये मिसळलेल्या डिझेलचं प्रमाण, वेगळं मागा.

या गाडीत फिल्टरसकट १५ लिटर ऑइल जातं. त्याचे ५ टक्के म्हणजे फक्त ७५० मिली. गाडी लिटरला ५ किमी देते, म्हणजे ६०० किमीत १२० लिटर डिझेल जळतं. त्यातलं पाऊण लिटर चेंबरमध्ये गेलं तर ॲव्हरेजमध्ये जेमतेम ०.६ टक्के फरक पडतो, आणि तो कुणाच्या वहीत दिसणार? म्हणून पट्टीच मोजमापाची करून घेतली. ऑइल बदलताना खालच्या खुणेपासून दर वेळी मोजून २५० मिली ओतलं, दहा मिनिटं थांबलं आणि पट्टीवर करवतीच्या पात्याने बारीक रेघ मारली. आता पातळी पाव लिटरच्या अचूकतेने वाचता येते, पण सपाट जागेवर आणि सकाळी सेल्फ मारण्याआधी.

सिक्स-बीटीत डिझेल चेंबरपर्यंत पोचायला तीन वाटा: टाकीतून डिझेल ओढणाऱ्या फीड पंपाची स्पिंडल सील, सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारं नोझल गळकं असणं आणि नोझलना दाबाने डिझेल पुरवणाऱ्या इनलाइन पंपाच्या आतली गळती. सोप्यापासून सुरुवात केली आणि तिथेच दोन महिने गेले.

फीड पंप काढून डिझेलच्या घमेल्यात बुडवला, आउटलेट बंद करून इनलेटमधून २ बार हवा दिली. स्पिंडलपाशी बुडबुडे आले. चोर सापडला असं वाटून नवा फीड पंप आणि ताजं ऑइल घातलं. ६०० किमीनंतर पट्टी दोन रेघा वर. जुना पंप गळत होता यात चूक नव्हती, पण त्यातून जाणारं डिझेल फारच थोडं होतं. बुडबुडे दिसले की ते किती, हेही मोजायला हवं. मिनिटाला एखाद-दुसरा बुडबुडा ६ टक्के डायल्यूशन करत नाही.

दुसरी वाट नोझल. सहाही काढून पॉप टेस्टरवर लावली. चार नंबरचं दाब पोचायच्या आधीच टोकाशी ओलं व्हायचं, आणि 'चर्र' असा तुटक आवाज यायच्या ऐवजी सलग धार पडायची. अशी धार सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन काढते आणि रिंगांवरून खाली उतरते. गार इंजिनाच्या पांढऱ्या धुराचं कारणही तेच निघालं. नोझल बदललं, सगळ्यांखाली नवे तांब्याचे वायसर घातले. सकाळचा धूर पूर्ण गेला आणि इंजिनाचा आयडल इतका गोड झाला की केबिनमधला आरसा थरथरायचा थांबला. पट्टी मात्र ६०० किमीला दीड रेघ वर जातच राहिली.

उरला इनलाइन पंप. काढायला किचकट म्हणून शेवटी ठेवला होता. काढताना लक्षात ठेवायच्या गोष्टी एवढ्याच: एक नंबर सिलिंडर टीडीसीला (पिस्टन सगळ्यात वर) आणून गिअर हाउसिंगमागची टायमिंग पिन आत ढकलावी, पंपाची स्वतःची पिनही लावावी, आणि जोर लावून काहीही फिरवण्याआधी इंजिनाची पिन बाहेर ओढावी. ती प्लास्टिकची असते, तुटून आत राहते. पुढच्या झाकणाची टोपी उघडून नट काढायचा, एम-८ च्या दोन बोल्टांच्या पुलरने गिअर शाफ्टवरून सोडवायचं. गिअर हाउसिंगमध्येच राहतं, पंप मागे सरकवून निघतो. पंप बाहेर असेपर्यंत इंजिन फिरवायचं नाही.

पंप-नोझलवाल्याच्या टेबलावर एरवी डिलिव्हरी आणि गव्हर्नर तपासतात, आणि तिथे हा पंप उत्तम निघाला. आतली गळती सांगितल्याशिवाय कोणी पाहत नाही. ती अशी पाहिली: पंपाच्या डिझेल गॅलरीत २ बारने टेस्ट ऑइल, ओव्हरफ्लो बंद, कॅमबॉक्स (पंपाचा खालचा, इंजिन ऑइलवर चालणारा भाग) पूर्ण निथळवलेला आणि ऑइल परत जायच्या भोकाखाली मोजपात्र. अर्ध्या तासात २५ मिली. तासाला ५० मिली. ६०० किमीला सरासरी ४० च्या वेगाने १५ तास लागतात, म्हणजे ७५० मिली. जळलेलं ऑइल धरून पट्टीवरची वाढ आणि टेबलावरचा आकडा इतके जवळ आले की पुढे शोधायची गरजच राहिली नाही.

बॅरल (प्लंजर ज्यात खाली-वर होतो त्या नळ्या) पंपाच्या बॉडीत बसतात तिथल्या सील कडक झाल्या होत्या. नखाने दाबलं तर खूण उठत नव्हती, दोन तर काढतानाच तुटल्या. प्लंजर-बॅरल मात्र निरोगी. सील मूळच्या असाव्यात, म्हणजे पंचविशीच्या पुढच्या. दुसरं कारण डिझेल असण्याची दाट शक्यता. १ एप्रिल २०२० पासून देशभर १० पीपीएम गंधकाचं डिझेल आहे. गंधक काढण्याच्या प्रक्रियेत ॲरोमॅटिक घटकही कमी होतात, आणि जुन्या डिझेलमध्ये फुगून बसलेलं नायट्राइल रबर नव्या डिझेलमध्ये आकसतं. तरुण रबर हे सोसतं, म्हातारं नाही. म्हणून सील घेताना एफकेएमच्याच मागा, म्हणजे ज्याला बाजारात व्हायटॉन म्हणतात ते. पुण्यात नाना पेठेत दोन्ही मिळतात आणि काळ्या रंगावरून फरक ओळखू येत नाही. पाकिटावर मटेरियल लिहिलेलं नसेल तर तो सेट सोडून द्या. किंमतीतला फरक एका वेळच्या ऑइलच्या किमतीपुढे काहीच नाही.

पंप परत बसवताना शाफ्टचा टेपर (निमुळता भाग) आणि गिअरचं भोक ब्रेक क्लीनरने कोरडंठक्क करावं. तिथे ऑइलचा पुसट हात राहिला तरी गिअर टेपरवर सरकतं आणि टायमिंग जातं. नट मॅन्युअलमधल्या टॉर्कला, अंदाजाने नाही. एअर काढताना हाताच्या पंपाने नळीचा बँजो बोल्ट सैल ठेवून फेस जाईपर्यंत मारायचं, मग सेल्फवर एका वेळी दोन-दोन नोझलचे नट सैल करायचे. हात धारेच्या वाटेत आणायचा नाही.

झाल्यावरचे आकडे: १,२०० किमीत पट्टी दोन रेघा खाली. ऑइल खातंय, हजाराला साधारण ४०० मिली, आणि हे बघून खरोखर आनंद झाला. गरम आयडलला २४ पीएसआय.

२८ नाही, २४. पातळ ऑइलवर गेलेल्या महिन्यांनी बेअरिंगचा थोडा घास घेतला असावा. आधीच्या नमुन्यात शिसं ६ पीपीएम होतं, डायल्यूशनच्या काळात १९. शिसं म्हणजे बेअरिंगचा वरचा थर. फिल्टर कापून घड्या उलगडल्या, चमचमणारे कण दिसले नाहीत. त्यामुळे बेत बदलला: पूर्ण सेट आत्ताच घालायचा नाही. चेंबर खाली घेऊन एक बिग-एंड कॅप आणि एक मेन कॅप उघडायची, प्लास्टिगेजने (फटीत चेपून रुंदीवरून माप सांगणारा मऊ धागा) फट मोजायची आणि मग ठरवायचं.

पुढचं झाकण उघडायचंच असेल तर डॉवेल पिनही याच वेळी. जुन्या बी-सिरीजच्या, म्हणजे सिक्स-बीटीच्याच घराण्यातल्या इंजिनांच्या, गिअर हाउसिंगमधली ही पिन थरथरून बाहेर येते, गिअरमध्ये पडते आणि हाउसिंग फोडते. शेजारच्या बोल्टखाली पोलादी पट्टीचा कान लावून ती कायमची अडवता येते. क्रँकची पुढची सीलही तेव्हाच. ती कोरडीच बसवायची, ऑइलचं बोट लावलं की टेफ्लॉनची ओठी नीट बसत नाही.

आता मूळ प्रश्न, हा ट्रक किती टिकेल. या इंजिनाचं बी-५० आयुष्य साडेतीन लाख मैल, म्हणजे ५.६ लाख किमी मानलं जातं. तोवर निम्म्या इंजिनांना मोठं काम निघतं. आपलं ५.१ ला निघालं. ब्लॉकला स्लीव्ह नाही, मूळ बोअर १०२ मिमी, आता १०२.५ आहे. एकदा १०३ करता येईल, त्यानंतर स्लीव्ह ठोकून पुन्हा मूळ मापावर. क्रँक घासायलाही पायऱ्या शिल्लक आहेत. लोखंडाच्या हिशोबाने १५ लाख किमी अवघड नाहीत. पण गाडी आता वर्षाला जेमतेम ६,००० किमी फिरते. त्या गतीने राहिलेलं अंतर कापायला शंभरेक वर्षं लागतील. तेव्हा किलोमीटर मोजण्यात अर्थ उरलेला नाही. इथून पुढे रबर आणि गंज.

म्हणून हिवाळ्यातलं रंगकाम पुढे ढकललंय. आधी तारखेवरून रबर बदलायचं, दिसण्यावरून नाही: डिझेलच्या सगळ्या नळ्या, ब्रेक चेंबरचे डायफ्राम, रिले व्हॉल्व्ह आणि ड्युअल ब्रेक व्हॉल्व्हचे किट, इंजिन माउंटिंग, मग केबिनचे. मागचे स्प्रिंग ब्रेक चेंबर केजिंग बोल्ट (स्प्रिंग दाबून धरणारा) लावल्याशिवाय उघडायचे नाहीत, आतली स्प्रिंग जीव घेऊ शकते.

गंजाची पाहणी निम्मी झालीय. मागच्या पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) हँगरजवळच्या क्रॉसमेंबरवर तीन रिव्हेट्सच्या कडेने तांबूस ओघळ आहेत. रिव्हेट हलत असलं की असाच ओघळ येतो. हातोडीने एका बाजूने ठोकून दुसऱ्या बाजूला बोट ठेवलं तर दोन ठिकाणी हालचाल जाणवली. वेल्डिंगचा सल्ला सगळे देतात, तो घेऊ नका. चॅसीच्या फ्लँजजवळ (दुमडलेल्या कडेजवळ) वेल्ड केलं की उष्णतेने कडेचं पोलाद बदलतं आणि काही वर्षांत नेमकी तिथूनच चीर निघते. रिव्हेट ड्रिल करून काढायचं, भोक रीमरने गोल करायचं, १०.९ ग्रेडचा अंगाला घट्ट बसणारा बोल्ट आणि लॉकनट. ही गाडी घाटावर उसाच्या फेऱ्यांत वाढली म्हणून तीन रिव्हेट्सवर भागतंय. कोकणात मासळी वाहिलेल्या गाडीचं बर्फाचं खारट पाणी चॅसीच्या दुहेरी पट्ट्यांमध्ये साचतं, तिथे इंजिन कितीही चांगलं असो, आधी दोन पट्ट्यांमधली फट बघा. पट्ट्या फुगून वेगळ्या झाल्या असतील तर ती गाडी घेऊ नका.

आठ वर्षांनंतर फिटनेस प्रमाणपत्र दरवर्षी लागतं, आणि तिथे ब्रेक आणि चॅसीही बघितले जाणार. दिल्लीत दहा वर्षांपुढच्या डिझेल गाड्यांवर २०१५ मध्ये बंदी आली, आपल्याकडे त्या अजून चालतात. या गाडीची तारीख फेब्रुवारीत आहे, त्याआधी रिव्हेट आणि डायफ्राम दोन्ही व्हायला हवेत. १० मिमीचा हँड रीमर मिळालाय, १२ चा अजून नाही. ऑइलचं चेंबर रविवारी खाली येईल. हिरवं प्लास्टिगेज ०.०२५ ते ०.०७६ मिमी मोजतं, लाल ०.०५१ ते ०.१५२ मिमी. दोन्ही आणून ठेवलीत.