तुम्ही विचारलंत म्हणून: मॉरिशसचाच कायदा का?

"भारतात काय कायदे कमी पडले, म्हणून मॉरिशसवर पीएच.डी. करतेस?" हे मला लग्नाच्या पंगतीत विचारून झालंय, बँकेत विचारून झालंय, एकदा तर दाताच्या डॉक्टरांनी माझं तोंड उघडं ठेवून विचारलं. तेव्हा बोलता आलं नाही, आता सांगते.

याचं मूळ म्हापशाला आहे. आमच्या घराची वाटणी निघाली तेव्हा पुण्यात वाढलेल्या चुलतभावाला कळेना, आजोबांनी मृत्युपत्रात सगळं घर मोठ्या काकांना का दिलं नाही. देताच येत नाही. निम्मा वाटा मुलाबाळांसाठी राखीव; असा वाटा राखून ठेवायचा हा गोव्यातला नियम पोर्तुगिजांच्या १८६७ च्या नागरी संहितेपासून चालत आलेला (तेव्हा वाटा निम्म्याहून मोठा होता). १९६१ साली पोर्तुगीज गेले, नियम राहिला.

मॉरिशसमध्ये तर याचे थरावर थर. १८१० साली इंग्रजांनी बेट फ्रेंचांकडून घेतलं, पण शरणागतीच्या अटींतच लोकांचे कायदे, धर्म आणि चालीरीती शाबूत ठेवायचं कबूल केलं. म्हणून नागरी संहिता नेपोलियनची, फ्रेंचमध्ये, राज्यघटना इंग्रजीत, साक्षीदार बोलतो क्रिओल, म्हणजे फ्रेंचमधून घडलेली तिथली बोली. आणि शेवटचं अपील लंडनच्या प्रिव्ही कौन्सिल या न्यायपीठाकडे! आपण तो दरवाजा १९४९ मध्येच बंद केला. साडेबारा लाखांच्या आसपास वस्तीच्या या देशाचा नेपोलियन अजूनही इंग्रज न्यायाधीश समजावून सांगतात. मला यात भारी गंमत वाटते.

मी पहिला निकाल वाचला तो अपघाताचा. इंग्रजी वाक्य सरळ चाललेलं, आणि मध्येच 'गार्दियँ' हा फ्रेंच शब्द. मी दोन दिवस निष्काळजीपणा कुणाचा ते शोधत बसले. मुद्दा तो नव्हताच. ज्या वस्तूमुळे इजा झाली ती ज्याच्या ताब्यात, तो गार्दियँ, आणि भरपाईला सुरुवातीला तोच जबाबदार. चूक सिद्ध करायची गरज नाही. इंग्रजी कायदा शिकलेल्या माझ्या डोक्याला हे पचायला वेळ लागला.

संहितेत या नियमाच्या थोडं आधी येतं कलम १३८२: आपल्या चुकीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरपाई द्यायची. फ्रान्सने २०१६ मध्ये कलमांचे आकडे बदलले. आता तिथे १३८२ उघडलं तर पुराव्याबद्दल काहीतरी निघतं. मॉरिशसच्या राजधानीत, पोर्ट लुईत, मात्र जुनाच आकडा. त्यामुळे माझ्या टेबलावर फ्रेंच संहितेची बदलाआधीची जाडजूड आवृत्ती असते. रद्दीवाल्याने ती दोनदा मागितली आहे.